दोघींसाठी व्हॅन: आधी पलंग मोजा, मग गाडी निवडा

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या ६१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. सोबत त्यांची नणंद, वय ५८, बँकेतली नोकरी सोडलेली. दोघींना गाडी चालवता येते. हॉटेलं शोधायचा कंटाळा आला म्हणून झोपता येईल अशी छोटी व्हॅन घ्यायची आहे. ताडोबा, चिखलदरा, पचमढी अशा चार-पाच दिवसांच्या फेऱ्या आणि पुढे जमलं तर गाडीने नर्मदा परिक्रमा. खर्चाची मर्यादा सगळं मिळून नऊ लाख. गाडी राहणार अपार्टमेंटच्या बेसमेंटात, तिथल्या दांडीवर ‘२.१ मी’ लिहिलेलं आहे. ताईंची उंची पाच फूट दोन, नणंदेची पाच फूट सहा. ताईंचा गुडघा दुखतो. मुलगा म्हणतो विंगर घ्या. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, “बाई, ईको घ्या अन् आत पलंग ठोकून द्या, आरटीओले कोन विचारून राह्यलं!” एका विक्रेत्याने तर बोलेरो कॅम्पर दाखवली. त्यांचे प्रश्न तीन: गाडी कोणती, रात्री एसीचं काय, आणि हे सगळं कायद्यात बसतं का?

ताई,

बोलेरो कॅम्पर पहिल्याच फटक्यात यादीतून काढा. नावात कॅम्पर असलं तरी ती दोन रांगा सीटांची पिकअप आहे, मागे माल टाकायचा उघडा हौदा. तिच्यात झोपायची सोय नाही.

आता मुलाची विंगर. गाडी चांगली आहे, पण तुमच्या दोघींच्या कामाला मोठी पडते. तिचा छोटा व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३२०० मिमीचा. त्या लांबीची गाडी बेसमेंटच्या वळणात फिरवणं हा रोजचा वैताग, आणि हाय रूफ घेतली तर २.१ मीटरची दांडी आडवी येईल. तिला इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. मागे पलंग, पाणी, सामान भरलं की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या चढावर ती जागच्या जागी फिरू लागतात. फोर्सच्या ट्रॅव्हलरचं आणि अर्बानियाचं आकर्षण आम्हाला समजतं, अर्बानियात माणूस उभा राहून कपडे बदलू शकतो. पण नऊ लाखांत नवी अर्बानिया येत नाही, आणि जुनी ट्रॅव्हलर घ्याल तर ती बहुधा पिवळ्या पाटीची असेल. पिवळीची पांढरी करायची म्हणजे परवाना रद्द करणं, कराचा फरक भरणं, आरसी बदलणं. त्यात तुमचे दोन महिने जातील.

उरल्या दोन: मारुती ईको आणि एर्टिगा. एर्टिगाच्या मागच्या सीटांच्या दोन्ही रांगा दुमडून बऱ्यापैकी सपाट जागा होते, एसी मागेपर्यंत पोचतो, हायवेवर गाडी स्थिर चालते. पण तिची बाहेरून उंचीच १६९० मिमी. दुमडलेल्या सीटांवर गादी टाकली की त्यावर ताठ बसता येत नाही, मान वाकवावी लागते. झोपण्यापुरतं ते चालतं. पाऊस लागला आणि दोन तास गाडीतच बसायचं झालं, की पाठ बोलू लागते. शिवाय ती चार मीटरपेक्षा लांब असल्याने सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या ४० टक्क्यांच्या गटात आहे. ईको १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत म्हणून १८ टक्क्यांत. नऊ लाखांच्या हिशेबात हा फरक जाणवतो.

तेव्हा आमचं मत ईकोकडे झुकतं: पाच आसनी, पेट्रोल, एसीवाली. लांबी ३६७५ मिमी, रुंदी १४७५, उंची १८२५. बेसमेंटच्या दांडीखालून वीतभर जागा ठेवून जाते. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. मागच्या चाकांची ओढ, म्हणजे मागे वजन पडलं की पकड वाढते. गोंदियापासून धारणीपर्यंत तिचं काम न येणारा मिस्त्री सापडणं कठीण. तिचे दोषही ऐका. इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात बुडाखालून ऊब येते. एसीचे झोत पुढेच. अंगाने अरुंद आणि उंच असल्याने आडव्या वाऱ्यात ती डुलते. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा असली तरी भरलेली ईको ८०च्या वर नेऊ नका.

ईको कार्गो स्वस्त पडते, आत रिकामी जागा आयती मिळते, म्हणून बरेच जण तिच्या मोहात पडतात. ती मालवाहू म्हणून नोंदली जाते. फिटनेस, व्यावसायिक विमा हे सगळं मागे लागतं, आणि मागच्या भागात माणूस बसवून नेता येत नाही. तुम्हाला ती नको. सीएनजीची घ्यायचा विचार असेल तर टाकी किती जागा खाते ते डिकी उघडून पाहा. पलंगाची लांबी तिथेच कापली जाते, आणि मेळघाटाच्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात पंप मिळेलच असं नाही.

पण आम्ही ईको म्हटलं म्हणून लगेच बुकिंग करू नका. शोरूममध्ये टेप, वही आणि नणंदबाईंना घेऊन जा. तीन मापं घ्यायची आहेत.

पहिलं लांबीचं. पुढच्या सीटा सरकत असतील तितक्या पुढे घ्या, पण चालवणाऱ्याला पाय नीट ठेवता येतील इतक्याच. मग सीटच्या पाठीपासून बंद केलेल्या मागच्या दरवाजापर्यंत टेप धरा. इथे बरेच लोक चुकतात: माप फरशीवर घेतात. मागचा दरवाजा वर जाताना आत झुकतो आणि सीटची पाठ मागे कललेली असते, त्यामुळे फरशीवर मिळालेली लांबी गादीच्या उंचीला चार-सहा इंचांनी कमी भरते. म्हणून फरशीपासून दहा-बारा इंचांवर टेप आडवा धरून मोजा. पाच फूट सहाच्या माणसाला उंचीवर किमान १० सेमी जास्त हवेत, म्हणजे १७८ सेमी. तेवढे भरत नसतील तर पलंगाला डोक्याकडे बिजागरीची आठ-नऊ इंचांची झडप लावता येते. गाडी थांबली की पुढच्या सीटची पाठ पुढे कलती करायची आणि झडप तिच्यावर टेकवायची. बाहेरून गाडीची रुंदीच १४७५ मिमी असल्याने आडवं झोपायचा विचार सोडाच. विंगरसारख्या गाडीतही बाहेरची रुंदी १.९ मीटर दिसते, पण पत्रा आणि अस्तर वजा केलं की उंच माणसाला ती कमीच पडते.

दुसरं माप रुंदीचं, आणि तेही चाकांवरच्या उंचवट्यांच्या मधे. दोघींना ४८ इंच मिळाले तर उत्तम, ४४ला भागतं. त्याखाली एकीची कूस वळली की दुसरीची झोप मोडते.

तिसरं माप डोक्याचं. माणूस बसला की त्याची उंची साधारण निम्म्याहून थोडी जास्त राहते. पाच फूट सहाला ८७-८८ सेमी. त्यात दबलेल्या गादीचे सात सेमी आणि डोक्यावर पाच सेमी मिळवा. म्हणजे फळीपासून छतापर्यंत १०० सेमी हवेत. समजा फरशीपासून छत ११८ सेमी भरलं, तर फळी फरशीपासून जास्तीत जास्त १८ सेमीवर. फळी आणि चौकटीची जाडी वजा केली की खाली पाच इंचांचे उथळ खोके मावतील, मोठ्या पेट्या नाहीत. लोक सामानासाठी पलंग उंच करतात आणि मग रात्री चार पायांवर रांगत हिंडतात. उंच पलंगाचा मोह इथेच आवरा.

ही मापं घरी आणून हॉलच्या फरशीवर खडूने चौकट आखा. एका संध्याकाळी दोघींनी त्या चौकटीत गादी टाका, जेवा, साड्या बदला, बॅगा ठेवा, आणि जमलं तर रात्र तिथेच काढा. चौकटीबाहेर किती वेळा पाय पडला ते मोजा. शोरूममधल्या कौतुकापेक्षा या एका संध्याकाळीत जास्त कळतं.

आता ज्यावर सगळं अडतं तो मुद्दा, मागचं बाक. त्याची पाठ पुढे दुमडते का आणि दुमडल्यावर त्याचा माथा फरशीपासून किती वर येतो, हे त्याच वेळी मोजा. त्यावर फळी टाकून १०० सेमी उरत असतील तर प्रश्न मिटला. बाक जागेवर, आरसीवर पाच आसनं, आणि पलंग म्हणजे काढता-घालता येणारं सामान. उरत नसतील तर बाक काढावं लागेल, आणि मेकॅनिकचा सल्ला इथे महागात पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत बदल नको, असंच सांगितलं. दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने कागदावर पाच, आत दोनच आसनं आणि जागी वेल्डिंग केलेला लोखंडी सांगाडा पाहिला, की दावा अडकतो.

म्हणून बाक काढायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी तुमच्या आरटीओकडे आसनसंख्या कमी करण्याचा लेखी अर्ज, परवानगी हातात आली की काम, मग तपासणी, आरसीवर नोंद, आणि त्या नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला. सुताराला आगाऊ रक्कम परवानगीनंतरच द्या. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत जागा आहे, त्यामुळे ही वस्तू मुळातच बेकायदा आहे असं समजू नका. पण एखाद्या गाडीची ‘मोटर कॅरव्हॅन’ म्हणून नोंद करायची तर एआयएस-१२४ हे वेगळं मानक आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. ते बांधणाऱ्या कंपनीचं काम, दोघींनी त्या वाटेला जाऊ नये. छताला भोक पाडणं, पत्रा कापून खिडकी करणं, जागी वेल्डिंग करणं, हे तिन्ही कोणी कितीही सुचवलं तरी करू नका.

पलंग लकडगंजात बनवून घ्या. प्लाय १२ मिमी, ओल सहन करणारा ७१० मार्काचा. १८ मिमी लागत नाही. आठ बाय चारचा १२ मिमीचा पत्रा साधारण २२ किलो भरतो, १८चा ३३. पलंग तीन तुकड्यांत करा, प्रत्येक दोन फुटांच्या आसपास, म्हणजे एकटीला उचलता येईल. प्रत्येक तुकड्याला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडायला सांगा. सुतार हसेल, पण भोकं हवीतच. झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड फळीला लागून पाणी होते. हवा नसेल तर पंधरा दिवसांत गादीच्या पोटाला काळी बुरशी. खालची चौकट इंची चौकोनी अॅल्युमिनियम पाइपची, बोल्टवर जोडलेली. फळी जिथे चौकटीला टेकते तिथे रबराची पट्टी चिकटवा, नाहीतर रामटेकपर्यंत पोचेतो करकरीने डोकं उठेल. सगळा सांगाडा रॅचेट पट्ट्यांनी गाडीतल्या मूळच्या लोखंडी कड्यांना किंवा सीटच्या पायथ्याला आवळा. ब्रेक जोरात लागला की सुटी फळी तुमच्या मानेवर येते. गादी चार इंची, ३२ घनतेचा फोम. वजन सात किलोच्या आसपास.

ताई, तुमच्या गुडघ्यासाठी: तुम्ही डाव्या हाताला झोपा. डाव्या बाजूचा दरवाजा रस्त्याच्या कडेला उघडतो, रात्री उतरताना वाहनांच्या अंगावर जावं लागत नाही. पलंगाच्या काठावर बसून पाय खाली सोडले की तळवे जमिनीला टेकणार नाहीत, म्हणून आठ इंच उंचीचा लाकडी पाट करून घ्या, खाली रबर मारलेला. उतरण असेल तर डोकं चढाच्या बाजूला येईल अशी गाडी लावा. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि मागच्या चाकाखाली लाकडी गुटका, तिन्ही.

आता वजन. आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, दोन्ही आकडे असतात. ईकोत हा फरक साधारण साडेपाचशे किलोचा. तुमचा हिशेब मांडू: दोघी १३२, पलंग आणि चौकट ४५, गादी ७, बॅटरी १२, चार्जर-तारा ५, फ्रिज १३, पाणी ४०, शेगडी-भांडी १२, कपडे ३०, सोलर ९, हत्यारं १०, पोर्टेबल कमोड ५. एकूण ३२०. आरामात बसतं. बिघडतं ते असं: कोणी सांगतं घरच्या इन्व्हर्टरची ट्यूबुलर बॅटरी टाका, ती पन्नास-साठ किलोची. कोणी शंभर लिटरची टाकी सुचवतं. कोणी लोखंडी कपाट. शिवाय नुसती बेरीज मर्यादेत असून भागत नाही, कारण हे सगळं मागच्या चाकांवर पडतं. पहिल्या सहलीआधी गाडी जशी निघणार तशी भरा, दोघी आत बसा, आणि वाडीतल्या एखाद्या धरमकाट्यावर चढवा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांपुढे गेला तर पाण्याचे कॅन पुढच्या सीटांच्या मागे सरकवा. पाण्यासाठी वीस लिटरचे दोन जार पुरे, बसवलेली टाकी नको. ती आतून धुता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरची हवा बघा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा धरायचा, आणि तो टायर थंड असताना. तापलेल्या टायरमधली हवा कमी करायची नाही. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि मे महिन्यातल्या सिमेंटच्या रस्त्यावर तिथेच फुटते. जुनी गाडी घेत असाल तर टायरवरचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. आणि जुनी ईको म्हणजे बऱ्याचदा शाळेच्या मुलांची ने-आण केलेली. पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघा, सरकत्या दाराची पट्टी आणि चाकं बघा, दहा वेळा उघडून लावा. २०२५ पासून ईकोत सहा एअरबॅग आल्या आहेत, जुन्यात तेवढ्या नाहीत. तुमच्या मर्यादेत नवी बसते, तेव्हा नवीच घ्या.

वीज. मोठं काही लागत नाही. तीस लिटरचा कंप्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज ४५ वॅट ओढतो आणि आपल्याकडच्या उष्णतेत निम्मा वेळ चालू राहतो: दिवसाला ५४० वॅट-तास. दोन छोटे पंखे, १२ वॅटचे, नऊ तास: २१६. दिवे ३२, फोन ३०. बेरीज सव्वाआठशे वॅट-तास. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२८० वॅट-तास देते, त्यातले साडेअकराशे वापरायचे. म्हणजे एक दिवस-रात्र बेफिकीर. भरायची दोन वाटांनी: गाडी चालताना २० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने (गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा), दोन तासांत सुमारे ५४०, आणि २०० वॅटच्या घडीच्या सोलर पॅनेलने, चांगल्या उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास. घडीचंच पॅनेल घ्या. छतावर बसवलेलं पॅनेल चालायला गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि मग तुम्ही आत भाजता. घडीचं असलं की गाडी कडुनिंबाखाली आणि पॅनेल पाच मीटर तारेवर उन्हात. ढगाळ दिवसांत त्याच्याकडून निम्मीच अपेक्षा ठेवा.

वायरमनला दोन गोष्टी लिहून द्या. चार्जरची तार १० चौरस मिमी तांब्याची. पातळ तार टाकली की चार मीटरमध्ये व्होल्ट गळतो, चार्जर अर्धवट चालतो आणि तार गरम होते. दुसरं, गाडीच्या बॅटरीपासून वीतभराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, आणि तसाच लिथियमच्या टोकाला. फ्यूज तारेला वाचवायला असतो, दुसऱ्या टोकाला लावला तर मधली सगळी तार उघडी पडते. लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली नको, तिथे इंजिन आहे. मागे, खाली, चहूबाजूंनी बोटभर हवा राहील अशी. दुपारी बंद उभ्या गाडीत तापमान साठच्या घरात जातं, बॅटरीतलं संरक्षण सर्किट चार्जिंग थांबवतं, आणि लोकांना वाटतं बॅटरी बिघडली.

आता तुमचा एसीचा प्रश्न. सरळ उत्तर: झोपायला एसी विसरा. सर्वांत छोटा एसीही सहाशे वॅटच्या आसपास खातो. तुमची बॅटरी दोन तासांत रिकामी. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणं तर कधीच नाही. उभ्या गाडीत धूर आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. नागपुरात पारा ४५ पार करतो तेव्हा कुठल्याही पत्र्याच्या डब्यात झोपू नये. त्या दिवसांत उंचावर जा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या चढाने पाच अंश मिळतात, आणि झाडांची सावली वेगळी.

छताला आतून दहा मिमी नायट्राइल रबरची शीट अस्तराखाली भरून घ्या. थर्मोकोल कुरकुरतो, काचलोकर ओल धरते. पुढच्या काचेला चकचकीत पडदा बाहेरून लावा. आतून लावलात तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. खिडक्यांना मच्छरदाणीचे चुंबकवाले पडदे, आणि शोरूममध्येच बघून ठेवा मधल्या काचा उघडतात का. दोन समोरासमोरच्या फटी, एकीकडून पंख्याने हवा बाहेर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्या वैदर्भी माणसाचं जुनं शहाणपण इथेही चालतं: खिडकीच्या फटीला ओली वाळ्याची पट्टी आणि पंखा आत ओढणारा. मृगाचा पहिला पाऊस झाला की ती पट्टी काढून घरी ठेवा, दमट हवेत ती फक्त घाम वाढवते. पचमढीच्या डिसेंबरात उलटं दुखणं, सगळं बंद करून झोपलात तर पहाटे छतातून थेंब पडतात. थंडी असली तरी बोटभर फट हवीच.

स्वयंपाक बाहेर करा. पाच किलोचा छोटा सिलिंडर, छोटी शेगडी, मागचा दरवाजा वर उघडला की डोक्यावर छप्पर. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पलंगाखाली साचतो, आणि तुमच्या फ्रिजचा स्विच तिथेच आहे. इंडक्शनचा हट्टही सोडा, ती एकाच वेळी शंभर अँपिअर मागते.

मुक्कामाची जागा उजेडी ठरवा. ताडोबा किंवा पेंचच्या आसपास जंगल रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपता येत नाही. मोहर्ली, सिल्लारीच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टच्या आवारात पैसे देऊन गाडी लावायची परवानगी आधी फोनवर घ्या, संडास-आंघोळीची सोय त्यातच मागा. समृद्धीच्या कडेपट्टीवर थांबायला मनाई आहे. परिक्रमेच्या वाटेवर आश्रमांची अंगणं मिळतात, तिथे फक्त विचारायची रीत पाळा. पोर्टेबल कमोड रात्रीच्या अडचणीपुरता. त्यावर जास्त खर्च नको.

पैशाचं. तुमच्या नऊ लाखांच्या मर्यादेत सगळा खर्च मावतो, फक्त बॅटरी, फ्रिज आणि चार्जर विम्यात वेगळे लिहून घ्या. कंपनीच्या यादीबाहेरची विजेवरची उपकरणं जाहीर केली तरच ती भरपाईत धरतात. दोघींनी पैसे घातले तरी आरसी एकीच्याच नावावर राहील असं धरून चला, तेव्हा दुसरीचं नाव नामनिर्देशित म्हणून नोंदवा, तशी सोय आरसीवर आहे. कोणी किती घातले ते साध्या कागदावर लिहून दोघींनी सही करा. शेवटचं, मालक-चालकाचा जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो फक्त आरसीवरच्या मालकिणीला लागू होतो. दुसरीसाठी पॉलिसी घेताना प्रवाशाचं अपघात कव्हर वेगळं मागा. एजंट आपणहून सांगत नाही.